अण्णांचा ओटीपी

गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या मंदिरात मुंगीला शिरायला जागा नसते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी अण्णांना घेऊन गेले. सकाळपासून त्यांनी "आज गुरुवार ना?" असा धोशा लावला होता. आपण जेवलो की नाही हे ज्या माणसाला आठवत नाही, त्याला वार बरोबर आठवला याचंच मला अप्रूप वाटलं. दर्शन नीट झालं. बाहेर आल्यावर त्यांना सावलीत कट्ट्यावर बसवलं, "इथून हलू नका" म्हणून बजावलं, ते "बरं" म्हणाले. मी आमच्या दोघांच्या चपला घेऊन परत आले तर कट्ट्यावर दुसरंच कुटुंब लाडू खात बसलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. तळेगावच्या एका कंपनीत फिटर होते, सगळा जन्म मशिनं खोलण्यात आणि जोडण्यात गेला. आई गेल्यापासून माझ्याकडे राहतात. मी तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दुपारपर्यंत एक बाई त्यांच्यापाशी थांबते, नंतर मी असते. अण्णांचा विसरभोळेपणा आधी चेष्टेचा विषय होता, मग काळजीचा झाला, आणि मग डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. ते नाव मी मुद्दामच लक्षात ठेवलेलं नाही.

मी मंदिराचा परिसर दोनदा पालथा घातला. लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, पांढरा शर्ट, राखाडी पँट, पायात चपला नाहीत. चपला माझ्या हातात होत्या. त्या हातात घेऊन मी पार्किंगमध्ये, नारळवाल्यांच्या दुकानांमागे, रस्त्यावर, सगळीकडे हिंडत होते आणि भेटेल त्याला विचारत होते. लोक चांगले होते, पण प्रत्येकाने वेगवेगळ्या दिशेला हात दाखवला.

तोवर मी घाबरले होते, पण हातपाय गळाले नव्हते. त्याला कारण होतं. अण्णांच्या खिशात फोन होता. माझा धाकटा भाऊ बंगळूरला असतो, कॉम्प्युटरमधला आहे. हरवलेला फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं, ती सोय त्याने अण्णांच्या फोनवर करून ठेवली होती. शिवाय वरच्या खिशात माझं नाव आणि नंबर लिहिलेलं एक प्लॅस्टिकचं कार्ड होतं. एवढा बंदोबस्त केल्यावर माणूस हरवेल कसा, असं मला वाटायचं. भावाची आणि माझी याबद्दल फार ऐट होती.

फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. मग भावाला फोन केला, त्याच्याकडून अण्णांच्या खात्याचा पासवर्ड घेतला आणि तिथेच एका उसाच्या रसाच्या गाड्याला टेकून माझ्या फोनवर घालायला लागले. पासवर्ड बरोबर निघाला. पडद्यावर अक्षरं आली की हा फोन नवीन दिसतो, खात्री पटवण्यासाठी आम्ही एक कोड पाठवला आहे. कुठे पाठवला? अण्णांच्या नंबरवर. म्हणजे हरवलेल्या माणसाला शोधायची किल्ली हरवलेल्या माणसाच्याच खिशात. हे ज्याने कुणी योजलं त्याचा बाप कधी हरवलेला नसणार.

"दुसरा मार्ग वापरा" अशी एक ओळ खाली होती. ती दाबली तर आईचा नंबर आला. भावाने हौसेने तो दुसरा नंबर म्हणून दिला होता, आई होती तेव्हा. ती गेल्यावर आम्ही तो बंद करून टाकला. मी भावावर खेकसले, तो माझ्यावर खेकसला, मग तो म्हणाला, "ताई, अण्णांनी फोन उचलला तर त्यांच्याकडून आकडे वाचून घे. वाचता येतं त्यांना." ते खरं होतं. अण्णा अजून पेपर वाचतात, मोठ्याने, तीच बातमी पुन्हा पुन्हा.

मी लावत राहिले. उन्हं उतरायला लागली आणि अचानक पलीकडून आवाज आला, "हॅलो."

"अण्णा! अण्णा, मी ताई. कुठे आहात?"

"कोण ताई?"

"तुमची ताई. मुलगी तुमची. अण्णा, ऐका, तुमच्या फोनवर एक मेसेज आलाय बघा. त्यात आकडे आहेत. तेवढे वाचून दाखवा मला."

मग एकदम कंपनीतला जुना, करडा आवाज. "ओटीपी पाहिजे काय तुला?"

हा आवाज मीच तयार करून घेतला होता. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांना खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं होतं, आणि उठेपर्यंत त्यांची जन्माची पुंजी गेली होती. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी अण्णांची उजळणी घ्यायचे. स्वयंपाकघरातून आवाज बदलून बोलायचे, "मी बँकेतून बोलतेय." ते ठणकावून "नाही" म्हणायचे. मग कुठेतरी वाचलं की हल्ली माणसाचा आवाजही हुबेहूब करतात. म्हणून पुढचा धडा घेतला. "अण्णा, माझ्या आवाजात बोलले, रडले, अडचणीत आहे म्हणाले, तरी द्यायचा नाही." नातवंडांची नावं गेली, घराचा मजला गेला, आईचं जाणंसुद्धा अधूनमधून जातं. हे मात्र पक्कं बसलं होतं.

"अण्णा, मी खरी ताई आहे हो," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. रसवाला चरक थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

"रडू नको," अण्णा म्हणाले. "रडून मिळायचा नाही."

"बरं, नका देऊ. राहू दे तो ओटीपी. तुम्ही कुठे आहात तेवढं सांगा. समोर काय दिसतंय?"

"पत्ता सांगायचा नसतो फोनवर."

"मग शेजारी कोण असेल त्यांच्या हातात फोन द्या. कुणीही असू दे."

"फोन परक्याच्या हातात द्यायचा नाही." शाळेतल्या हुशार मुलासारखी सगळी उत्तरं तयार होती. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज ऐकू आला, "आबा, च्या घ्या की, निवतोय." मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मावशी! मावशी, फोन घ्या त्यांच्याकडून!" फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. फार त्रास द्यायला लागले तर सरळ फोन बंद करून टाकायचा, हेही मीच शिकवलं होतं.

कुणीतरी त्यांना चहा दिला होता एवढंच मला कळलं होतं. पण कुठे? हायवेच्या कडेला एखाद्या टपरीवर, की कुठल्या स्टेशनवर? चहा पिऊन ते उठले, चालायला लागले तर? अंधार पडायला वेळ नव्हता, आणि कापणीच्या दिवसांतली आमच्याकडची थंडी उघड्यावर काढण्यासारखी नसते. अनवाणी माणूस रस्ता ओलांडतो आहे आणि गाड्या थांबत नाहीत, एवढंच चित्र डोळ्यापुढे येत होतं. मला आईची आठवण आली आणि तिचा रागसुद्धा आला, ही अशी मला एकटीला टाकून गेली म्हणून.

पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लोकेशन निघेल, पण फोन बंद आहे म्हणताय, आणि त्याला वरून परवानगी लागते. तोवर आपण सगळीकडे कळवतो. त्यांचा फोटो द्या." मी फोटो शोधत होते तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "कार्डावर तुमचा नंबर होता ना? मग कुणाचा फोन आला नाही?"

"एकही नाही," मी म्हणाले.

"नीट बघा."

मी यादी उघडली. एकाच अनोळखी नंबरवरून कॉलमागून कॉल येऊन पडले होते, आणि एकाचीही रिंग माझ्या कानावर आली नव्हती. येणार कशी? लुच्चे लोक सतावतात म्हणून अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची सोय मी माझ्या फोनवर लावून ठेवली होती. वर फोनने स्वतःची अक्कल चालवून त्या नंबरापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, संशयास्पद. जो नंबर मला माझ्या बापापाशी नेणार होता तो संशयास्पद. मी चौकीतच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. हवालदारांनी मान दुसरीकडे वळवली.

फोन लावला. मघाचीच बाई बोलली. "व्हय व्हय, हितंच हायेत आबा. तिकोणा पेठंला. लय येळा लावला बाई तुमाला, तुमी उचलंनाच."

शिरगावहून इतक्या लांब तिकोणा पेठेत ते कसे पोचले ते अजून कुणाला कळलेलं नाही. तिथे आमचं कुणी नाही. आमचं गाव ते नाही, अण्णांची नोकरी तिकडे कधी नव्हती. फाट्यावर जीपवाला "चला, चला" म्हणाला असेल आणि हे चढले असतील. मी गाडी काढली. पवनेच्या बाजूला शेतांत भाताचे भारे उभे होते, माणसं घरी परतत होती, आणि मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसापाशी गाडी हळू करत होते, उगीचच. आता पत्ता कळला होता तरी.

बाईंचं घर तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, वस्तीच्या कडेला होतं. भात कापून घरी येताना त्यांना अण्णा रस्त्याकडेला बसलेले दिसले होते. अंगणात बाजेवर बसवलं होतं, खांद्यावर बाईंच्या नवऱ्याची गोधडी. पाय धुतलेले दिसत होते. दोन्ही हातांनी फोन छातीशी धरला होता.

"खिशातलं कारड दिलं," बाई म्हणाल्या, "पर फोन न्हाई दिला. तुमी मघाशी वरडत हुता तवा म्या म्हणलं, द्या हिकडं, म्या बोलती, तर अंगावर आलं माझ्या! म्हणलं जाऊ दे, म्हातारं माणूस हाय. च्या पिले, भाकर खाल्ली. कुटं जायाचं म्हणून काय बोलत न्हाईत." मी त्यांच्या पायांना हात लावला. त्या मागे सरकल्या, "आवं, हे काय," म्हणाल्या, आणि मला पाणी आणायला आत गेल्या.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि लख्ख ओळखलं. "ताई, किती उशीर केलास," ते म्हणाले. मी त्यांच्या पायात चपला घातल्या. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आता खरंच रडू येत नव्हतं.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळले. "ताई, आज एका बाईचा फोन आला होता. ओटीपी मागत होती. तुझा आवाज काढला होता गं, अगदी हुबेहूब."

"मग?"

"नाही दिला." ते खुशीत हसले. थोड्या वेळाने हसू गेलं. "पण रडत फार होती. खोटं रडणं नव्हतं ते. काय झालं असेल तिला?"

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तिचे वडील हरवले होते, अण्णा."

"अरेरे." ते बोटांनी गोधडीचं टोक चाचपत राहिले. त्या माउलीने ती परत घेतली नव्हती. "मग सापडले का तिला?"

"शोधतेय अजून," मी म्हणाले.

"मग चुकलं का गं माझं? द्यायला हवा होता का मी तिला?"

मी गाडी बाजूला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा प्रश्न होता, आणि "हो" म्हणायला मला किती आवडलं असतं हे मलाच माहीत. उद्या दुसरी कुणीतरी माझ्या आवाजात रडणार होती.

"नाही, अण्णा," मी म्हणाले. "ती कितीही रडली तरी नाही."