झावळीखालचा समुद्र

तोबियास म्हाताऱ्याला समुद्र बंद करता येत असे. त्यात जादूटोणा काही नव्हता. किनाऱ्यावर खांब रोवायचा, त्याला नारळाची कोवळी झावळी बांधायची, पाद्र्याने प्रार्थना म्हणायची, पूर्वजांच्या नावाने थोडी दारू वाळूत ओतायची, की समोरचा खडक बंद. याला सासी म्हणतात. सासी लागली की झावळी उतरेपर्यंत त्या पाण्यात कुणी बुडी मारायची नाही, नुसतं बघायलासुद्धा उतरायचं नाही. खडकावर लोला नावाचे जाडजूड शंख होतात, व्यापारी ते गुंड्या करायला नेतात. त्यांना काही वर्षं सुखाने वाढू द्यायचं आणि एके दिवशी सगळ्या गावाने मिळून काढायचे. चर्चचं छप्पर, पोरांची शाळा, अडलेली लग्नं, सगळं त्या एका दिवसावर लटकलेलं असतं.

राखणीचं काम तोबियासच्या घराण्याकडे होतं आणि त्याने ते डोळ्यांत तेल घालून केलं. खांबाजवळच्या दगडावर विडा चघळत तो दिवसचे दिवस काढी. बायको फ्रान्सिना म्हणे, "लग्न ठरलं तेव्हा कुणी सांगितलं नाही मला, की सवत आहे आणि ती लाकडाची आहे." तोबियास हसत नसे. बंद पाण्यात त्याचा घोटासुद्धा कधी भिजला नव्हता, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. लहानथोर सगळे त्याला तेते म्हणत, म्हणजे आजोबा. त्याचा शब्द चर्चमध्येही चाले आणि भांडणातही चाले.

त्याला एकच मुलगा, येरमियास. घरात येरी. मागची सासी लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या बेटाकडे जहाज फिरकत नाही. माणसं दारं लावून बसतात, आणि बेटाच्या टोकापलीकडे काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. त्या वर्षीचा वारा पडल्यावर येरी मासे धरून परतत होता, तर त्याच्या होडीचा नांगर बंद खडकात अडकला. सोडवायला त्याने बुडी मारली. वर आला तो मासे होडीतच टाकून थेट बापाकडे.

"बापा, खाली काही नाही."

"कुठे खाली?"

"खडकावर. लोला साफ केलेत सगळे. एक काळी रबरी नळी पडलीय, बाहेरचे पाणबुडे हवेसाठी वापरतात ना, तसली. वाऱ्याच्या दिवसांत कुणीतरी येऊन धुऊन नेलंय."

तोबियासने विडा थुंकला. "तुला कसं कळलं?"

"बघितलं ना मी."

"म्हणजे तू उतरलास."

येरीने खाली स्वतःकडे बघितलं. केस ओले, अंगावर मीठ वाळलेलं. बातमी देण्याच्या घाईत आपण काय कबूल करून बसलो हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. दुसऱ्या कुणी बाप असता तर त्याने पोराला अंग पूस म्हणून सांगितलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. तोबियासने त्याला दंडाला धरून राजाकडे नेलं.

राजा म्हणजे गावचा प्रमुख लाम्बेर्तुस. राज्य काय ते एक चर्च आणि त्याभोवतीची घरं. तो वाईट माणूस नव्हता. येरी त्याला म्हणाला, "मी खोटं बोलतोय असं वाटतं ना, मग कुणीतरी उतरून बघा."

"बघायला उतरलं तर सासी मोडली," लाम्बेर्तुस म्हणाला. "एकाने मोडली म्हणून सगळ्यांनी मोडायची?"

जमलेल्यांना हे पटलं. तोबियासला तर सगळ्यांत आधी पटलं. खाली काही असेल-नसेल, ते झावळी उतरेल तेव्हा कळेल. पोरगा उतरला होता, एवढं आत्ताच कळलं होतं. शिक्षा ठरलेली होती. गळ्यात वाळकी झावळी अडकवायची आणि घंटा वाजवत घरोघर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी बंद समुद्रात उतरलो, तुम्ही उतरू नका. झावळी तोबियासने आपल्या हाताने अडकवली. पोरं मागून हसत गेली. फ्रान्सिनाच्या दारात येऊन येरीने तेच सांगितलं, आणि तिने ते उभ्याने ऐकून घेतलं.

वाऱ्यानंतरचं पहिलं जहाज आलं, त्याने येरी दोबो शहरात गेला. जहाज लांब उभं राहतं, तिथवर होडीने जावं लागतं आणि होडी जाते खांबासमोरूनच. तोबियास आपल्या दगडापाशी उभा होता. येरीने हात वर केला नाही. पोराने आधी करावा असं तोबियासला वाटलं, म्हणून त्यानेही केला नाही.

नंतरची वर्षं तो त्याच दगडावर बसला. पाणी शांत असलं की खाली डोकावून बघावं असं त्याला फार वाटे, आणि तेवढ्याचसाठी तो पाण्याकडे पाठ करून बसे. मनात त्याने एक हिशेब बांधला होता. झावळी उतरेल, शंखांच्या पाट्या भरतील, येरी घरी येईल, सगळं बघेल आणि म्हणेल, चुकलो बापा. मग तोबियास म्हणणार होता, जाऊ दे, जेवायला बस.

सासी उतरायच्या दिवशी परमुलखातली सगळी माणसं घरी येतात. फ्रान्सिनाने पहाटेच कसाव्याच्या कंदाच्या वड्या भाजल्या, मासा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवला. जहाजातून माणसं उतरली, येरी उतरला नाही. शेजारची वेल्मिना दोबोहून आली होती. तोबियासने तिला गाठलं.

"येरी भेटला होता?"

"भेटला, तेते. बोटीवर कामाला आहे. वाळलाय फार." तिने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "म्हटलं चल, उद्या उघडतायत. तर म्हणाला, मी बघितलंय ते. परत काय बघायचं."

"अजून ताठाच आहे," तोबियास म्हणाला.

पाद्र्याची प्रार्थना झाली, वाळूत दारू ओतली, झावळी उतरवली, ढोल वाजू लागले. पहिली बुडी राखणदाराची. तोबियासने लाकडी चौकटीचा चष्मा डोळ्यांवर बसवला आणि उतरला. कान फुटायला आले तरी तो खाली खाली गेला. खडक उघडा होता. एखाददुसरा फुटका, झिजलेला शंख. कपारीत ती काळी नळी पडली होती, तिच्यावर मनगटाएवढी शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं चढली होती. येरीने सांगितली होती तीच. तोबियासने ती ओढली. हातात एक तुकडा आला.

मागोमाग तरणी पोरं उतरली आणि एकेक करून रिकाम्या हातांनी वर आली. ढोल थांबले. बायका पाट्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. काही जणी रडू लागल्या.

"सासी मोडली होती ना," लाम्बेर्तुस हळूच म्हणाला. "येरीने मोडली तेव्हाच समुद्राने हात आखडता घेतला. बाहेरच्यांना वाट मिळाली ती त्यानंतर."

माना हलल्या. आपला दिवस कुणी खाल्ला हे कळल्यावर माणसांना जरा बरं वाटतं.

तोबियास नळीचा तुकडा घेऊन पुढे आला. "हे तो उतरण्याच्या आधीचं आहे. खडक तेव्हाच रिकामा होता. पोरगा तेच सांगायला आला होता."

"आधीचं आहे हे तुला कसं कळलं, तेते?" लाम्बेर्तुसने विचारलं.

हाच प्रश्न त्याने एकदा विचारला होता. तोबियासने गावाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. "मी उतरलो होतो. येरीच्याही आधी. सासी मी मोडली. झावळी माझ्या गळ्यात घाला."

 कुणीतरी हसलं, पण मायेने. लाम्बेर्तुसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेते, पोरासाठी जीव तुटतो, समजतं आम्हाला. पण तू उतरलास हे कोण मानेल? तुझा कधी घोटा भिजला नाही."

"मी उतरलो होतो," तोबियास पुन्हा म्हणाला.

"बरं, बरं. बस जरा. थंडी भरेल."

उन्हं कलायच्या आत बैठक झाली. खडक पुन्हा बंद करायचा ठरलं, आणि राखणीला तोबियासइतका भरवशाचा माणूस गावात दुसरा नव्हता. नवी झावळी त्याच्या हातात दिली. खाली राखण्यासारखं काही उरलं नाही हे त्याला माहीत होतं, आणि ते सांगून त्याचं झालं होतं. तो बांधू लागला.

फ्रान्सिना पानातला मासा तसाच घेऊन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. "वेल्मिना उद्या परत जातेय. निरोप विचारतेय."

"सांग म्हणावं, बापाने बघितलं. तू खरं बोलत होतास."

"आणि ये म्हणून सांगू?"

तोबियासने गाठ आवळली. मागे वाळूत पोरं खेळत होती. समुद्र कुणी रिकामा केला, ते एकमेकांना सांगत होती. त्यांच्या तोंडी येरीचं नाव होतं.

"नको," तो म्हणाला.