आधी खा, मग सांग

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू खाऊचा डबा आणतात, पण सरळ हातात देत नाहीत. झाकणावर तळवा ठेवतात, चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "आधी खा, मग सांग कुठलं ते. घाई नाही, बरं का."

पहिल्यांदा डब्यातून केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा गोड, जाडसर केक निघाला. नारळाच्या दुधाचा वास येत होता. माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळे मला राहवलं नाही. "ही तर पानगी," म्हणालो, आणि पीठ किती सैल हवं, पान कधी उलटायचं, सगळं काकूंना शिकवलं. काकू "अस्सं का?" म्हणत शेवटपर्यंत मान डोलवत होत्या. मग त्यांनी जिन्यातूनच सुनेला हाक मारली, "अगं, खाली ये. तुझ्या आईची बिबिंग्का कशी करायची ते हा सांगतोय."

सून फिलिपिन्सची. ती बिचारी वही घेऊनच आली.

तेव्हापासून मी सावध झालो. काल दोघी पुन्हा दारात आल्या. पुन्हा केळीचं पान, पुन्हा नारळ. मी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि ठामपणे म्हणालो, "फिलिपिन्स."

सुनेचा चेहरा पडला. "दादा, तुम्ही सांगितली तशीच केली होती. पानगी."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डब्याला झाकण लावलं. "अस्सं का?"