पाहुण्यांचं ताट

लेकीला नोकरीच्या गावी एकटीचं स्वयंपाकघर थाटायचं होतं, म्हणून आम्ही दोघं भांड्यांच्या दुकानात गेलो. मला साधा चहाही उतू न घालवता जमत नाही; तरी सल्ले मीच देत होतो. तिनं कुकर, कढई, तवा घेतला आणि एकच ताट. ते पाहून मला कसंनुसं झालं. माणूस एक वेळ एकटा राहील, पण ताटाला सोबत लागतेच. मी हळूच दुसरं ठेवलं.

"हे कुणाला, बाबा?"

"असू दे गं. पाहुणे येतात."

दुकानदारानं भांड्यांवर नाव घालायचं यंत्र उचललं. "ताई, नाव काय घालू?"

"एकावर मीरा. आणि या पाहुण्यांच्या ताटावर ‘बाबा’ घाला."

यंत्र करकरू लागलं. मी तोंड फिरवून झाऱ्याची भोकं मोजत राहिलो.