परेरा सर आणि वेळशेतची पेठ

परेरा सरांची आणि माझी पहिली भेट लालबागला, आमच्या वेळशेत ग्रामस्थ मंडळाच्या हळदीकुंकवात झाली. साऱ्या बायकांत एकच पुरुष, गळ्यापर्यंत बटणे लावलेले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिळगूळ खात होते. मंडळाच्या कार्यवाह बाईंनी ओळख करून दिली, "हे परेरा सर. गिरगावात राहतात, कॉलेजात इतिहास शिकवायचे. आपल्या गावातल्या धंद्यांवर पुस्तक लिहितायत."

"तुमचं गाव वेळशेतच का?" मी विचारले.

"नाही हो. आम्ही इथलेच, मुंबईचे."

"मग मिसेसचं?"

"त्या वसईच्या."

मग वेळशेतच का, हे मला त्या दिवशी कळले नाही. सरांनी पंचाहत्तरी गाठली, तरी अजून नीटसे कळलेले नाही. एकदा ते म्हणाले, एसटी तिथे बंद पडली आणि दुपारभर ते पेठेत फिरले. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले होते.

वेळशेत हे घाटाच्या पायथ्याचे लहानसे बाजाराचे गाव. तेली, कासार, तांबट, रंगारी यांच्या दुकानांची एक लांब आळी होती. नवा रस्ता गावाबाहेरून गेला, दुकाने बसली आणि माणसे मुंबईला आली. सर त्यांना परळ, लालबाग, करी रोडला शोधत हिंडले. कोणाचेही बोलणे ते मध्येच दुरुस्त करीत नसत. लिहिलेले ज्याचे त्याला वाचून दाखवीत. एका तेलीणबाईंनी "आमचा बैल आंधळा नव्हता, डोळ्यांवर झापडं होती" असे बजावले, तेव्हा सरांनी तिथेच बसून पान नव्याने लिहिले.

असेच ते आमच्या घरी आले. आमचे आजोबा काय करीत, एवढाच प्रश्न होता. बाबा ताठ बसून म्हणाले, "कापडाचं दुकान. काचेचं कपाट, ताग्यांवर तागे." करी रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या आत्याने मात्र सांगितले, "कसलं कापड? आम्ही रंगारी. अण्णांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे." मला वाटले, दोघांना समोरासमोर बसवले की उलगडा होईल. सर नको म्हणत होते, तरी मी आत्याकडे बैठक ठरवली.

"अक्का, तू विसरतेस," बाबा म्हणाले.

"मी विसरते? बाळू, तुला लाज वाटते रंगाऱ्याचा मुलगा म्हणवून घ्यायला!"

बाबा चहा न घेता उठले. दारात सरांना म्हणाले, "आमच्या घराण्याचं नाव पुस्तकातून काढा." बहीणभावंडांचे बोलणे बंद झाले. गणपतीलाही आत्या आली नाही. आमचे खरोखर काय होते, हे मलाही सांगता येईना. कधी बाबांचे पटे, कधी आत्याचे.

पुढे परळला बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटेपर्यंत सर रोज गिरगावातून येत, बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत आणि जात. दुकानाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. शेवटी बाबाच वैतागले. "तुम्ही दुकानाचं विचारत का नाही?"

"तुम्ही नाव काढायला सांगितलंत."

"सांगितलं म्हणून काय झालं!" मग ते म्हणाले, "मी शाळेसाठी मामाकडे असायचो. सणासुदीला घरी. मागच्या अंगणात मला कोणी जाऊच देत नसे. तिथे रंगाची कढई असेलही. मग मी काय पाहिलं, सर?"

सर म्हणाले, "मला नाही सांगता येणार."

बाबांनी मला आत्याला फोन लावायला सांगितले. ती पेज घेऊन आली. "अक्का, आपण रंगारीच असू गं," बाबा म्हणाले. त्यावर आत्या म्हणाली, "मला रात्रंदिवस ते काचेचं कपाट दिसतंय रे. कापडच असेल." आणि दोघे पुन्हा तावातावाने भांडू लागले, आता एकमेकांच्या बाजूने. मी सरांकडे पाहिले. ते चष्मा पुसत होते आणि त्यांचे डोळे ओले होते.

पुस्तकात सरांनी दोघांचे सांगणे शेजारी शेजारी छापले आणि खाली लिहिले, 'या घराण्याचा नेमका व्यवसाय लेखकाला ठरवता आला नाही.' बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पान अभिमानाने वाचून दाखवतात. इतक्या मेहनतीनंतर हाती हेच लागले, याचा आनंद मानावा की खंत, हे मला अजून समजत नाही. पण आत्या दर रविवारी आमच्याकडे जेवायला असते आणि बहुतेक वेळा सरही असतात.

सरांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा वेळशेतकरांची प्रार्थना. आता त्यांनी आमच्या शेजारच्या कासारांचा विषय घेतला आहे. त्यांची भावंडे पाच आहेत. तेव्हा, सर, शंभरी गाठण्याला पर्याय नाही.