टिकारामच्या रजिस्टरातली चक्कर

आमच्या गावच्या दवाखान्यात टिकाराम नावाचा कंपाउंडर होता. सिहोऱ्यापर्यंत त्याच्या रजिस्टराची कीर्ती. दुसरे 'ताप' लिहून मोकळे व्हायचे. हा लिहायचा, 'चिखलातून आलेला, संध्याकाळी चढणारा ताप.' आम्ही मंडळी खास वाचायला जायचो.

एक्क्याऐंशी साली सत्यभामाबाई नर्स बदलून आल्या. सोबत छापील यादी. एका दुखण्याला एकच नाव, नावापुढे आकडा. सगळ्या दवाखान्यांनी तेच लिहायचं.

"बाई, मानसाचं दुखणं आकड्यात बसते काय जी?"

"बसवा. तुमच्या कविता पुढच्या डॉक्टरले कळत नाही."

जुन्या नोंदी यादीप्रमाणे उतरवायचं काम टिकारामच्याच गळ्यात पडलं. श्रावणातल्या एका सकाळी तो अडला. 'कुंताबाई. उपवासाची चक्कर.'

आमच्याकडच्या बाया श्रावण सोमवारी उपाशीपोटी भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, करतात. दवाखान्यात सुई टोचून घेतल्यावर एखादी चक्कर येऊन पडली, की दोष उपासाला. टिकारामही तेच मानायचा.

"यादीत उपास नाही जी."

"चक्करेच्या आधी काय दिलं होतं?"

"पेनिसिलिनची सुई."

"तीच सुई पुन्हा कधी दिली?"

त्यानं पानं उलटली. पुढच्या वर्षी तीच कुंताबाई, तीच सुई, वारही सोमवारच. पुढे त्याच्याच वळणदार अक्षरात: 'उपवासाची चक्कर, यावेळी अंगावर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले.'

बाईंनी यादीत बोट ठेवलं. 'औषध न सोसणे.' म्हणाल्या, "उपासानं ओठ सुजत नाही, टिकारामभाऊ."

टिकाराम धावलाच. कारण विळा लागून पाय पिकलेली कुंताबाई त्या क्षणी आतल्या खोलीत होती. चिठ्ठी त्यानंच बनवून दिली होती. नवे डॉक्टर सुई भरून उभे, आणि ती त्यांनाच धीर देत होती, "टोचा जी बिनधास्त. आज पोटभर भात खाऊन आली. आज नाई पडत मी."

"थांबा, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टरांनी रजिस्टर पाहिलं, सुई ठेवली, दुसऱ्या गोळ्या लिहिल्या.

कुंताबाई रुसली. "काहून गा टिकाराम, मले सुई काहून नाई?"

"तुले सोसत नाही वो. भात खाल्ला तरी नाही."

"मंग एवढा भात कायले खाल्ला मी?"

टिकारामनं तिच्या चिठ्ठीवर लाल शाईनं औषधाचं नाव आणि आकडा लिहिला. रजिस्टरातल्या दोन्ही चकरांवर रेघ मारून सही केली.

त्यानंतर त्याच्या रजिस्टरात वाचण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही जाणंच सोडलं. कुंताबाईनं मात्र पुढचे कितीतरी रोवणे केले, सोमवारी उपाशीच.