पुसलेला कर्नेल

गेल्या मे महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात माझ्या मावसभावाचा कॉम्प्युटर सुरू झाला. ज्या कर्नेलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, तो सुरू झाला, त्याच्या फाइल्स डिस्कवर नव्हत्या.

मी मुरबाडला राहतो, बरीच वर्षं बातमीदारी करतो. भुताखेताच्या बातम्या मी स्वतः केराच्या टोपलीत टाकल्या आहेत... म्हणून इथे फक्त पाहिलेलं लिहितो. त्या कॉम्प्युटरवरची लिनक्स सिस्टिम मी रोज वापरतो, त्यामुळेच मावसभावाने, निलेशने, मला बोलावलं होतं.

निलेश लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याची आई, माझी जनामावशी, धवळारीण — लग्नात धवळे गाऊन विधी चालवणारी. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. तिने गायलेले हळदीचे धवळे फक्त या कॉम्प्युटरवर होते आणि त्या दिवशी तिच्या नातीची हळद होती. दुसरी धवळारीण आणायला मावशीने मान हलवून नकार दिला होता.

सकाळी निलेश सिस्टिम अपडेट करायला बसला. बूटच्या कप्प्यात, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्स असतात तिथे, जागा नाही, असा एरर आला. त्याने जुन्या कर्नेलच्या फाइल्स हाताने पुसल्या आणि नवं पॅकेज टाकायला घेतलं. ते बसत असतानाच लाईट गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे लग्नाच्या गडबडीत तो विसरला. इन्व्हर्टरवर फक्त पंखे होते.

मी पोचलो तोवर लाईट आली होती. नव्या कर्नेलची बूट इमेज अर्धवट बनली होती. बूट इमेज म्हणजे मशीन सुरू होताना आधी लोड होणारं आणि डिस्क जोडून देणारं छोटं गाठोडं. या मशीनची डिस्क कुलूपबंद, आणि किल्ली त्या गाठोड्यातच. ही व्यवस्था करून देणारा निलेशचा वाशिंदचा मित्र वारला होता. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

सुरुवातीच्या मेनूत जुन्या कर्नेलचं नाव अजून दिसत होतं. ते निवडलं, तर ‘फाइल सापडली नाही’. मी माझ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालवून बूटचा कप्पा उघडला. आत जुनी एकही फाइल नव्हती. पुसलेलं परत मिळवणारं टूल चालवलं — काही नाही.

“ओ भावजी,” नवरीची आई, सुशीलावहिनी, दारातून म्हणाली, “सगल्या तालुक्याची बातमी काढता, एक डबा उघडत नाय तुमाला?”

“वहिनी, दम धर गो,” निलेश म्हणाला.

“दम मी धरन. हळद धरल का? आणि तुला आजच सुचलं रे हे? नवरीआधी मशीन नटवायला बसलास!”

मावशी हळदीची वाटी घेऊन आत आली. आमच्याकडे पहिली हळद जात्याला, मुसळाला लागते, मग नवरीला. तिने बोटभर हळद कॉम्प्युटरच्या डब्याला लावली आणि शेजारच्या खुर्चीत बसली.

“आये, त्याला कशाला?” निलेश म्हणाला. तिने बोटाने बटण दाखवलं.

मी पेन ड्राइव्ह काढला. निलेशने बटण दाबलं आणि मेनूतलं जुनं नाव पुन्हा निवडलं. डिस्कचं कुलूप उघडलं. डेस्कटॉप आला.

मी चालू कर्नेलची आवृत्ती विचारणारी कमांड दिली. उत्तरात जुना आकडा आला.

“दादा, हा तर मी सकाळी उडवला ना रे?”

“आधी धवळे घे.”

त्याने ते पेन ड्राइव्हवर घेतले. मी त्याच वेळी बूटचा कप्पा पाहिला. जुनी फाइल एकही नव्हती. नवी बूट इमेज बनवायची कमांड मी टाइप करत होतो — लाईट पुन्हा गेली.

हळद वेळेत लागली. स्पीकर गाडीच्या बॅटरीवर जोडला होता. स्पीकरमधून मावशीचा आवाज येत होता आणि खुर्चीत बसलेली मावशी ओठ हलवत होती.

जाणकारांना विचारलं. पुसलेली फाइल मेमरीत उरली असेल, असं एक जण म्हणाला. पण मशीन त्याआधी बंद होतं, आणि बंद मशीनच्या मेमरीत काही उरत नाही. स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

त्यानंतर तेच नाव निवडून निलेशने आणि मी अनेकदा मशीन सुरू करून पाहिलं. डिस्क उघडलेली नाही. पेन ड्राइव्हवरचे धवळे वाजतात.