कडुलिंबाखालच्या बाई

परभणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना कडुलिंब आहे. त्याच्या दाट सावलीत काही म्हणता काही उगवत नव्हतं. समोरच्या घरातल्या बाईंनी तिथं हट्टानं लिरिओपी लावली. पानं गवतासारखी, बारा महिने हिरवी, आणि भादव्यात जांभळे तुरे. मी रोज शाळेत शिकवायला जाताना त्या पदर खोचून तांदूळ धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी बेतानं ओतत असायच्या.

गणपतीत एक गृहस्थ दूर्वा समजून ती खुडायला बसले. बाई तरातरा बाहेर आल्या.

"दूर्वा न्हाई ती, भाऊ! दूर्वा तिकडं मैदानात बघा, उन्हात. ही माझी सावलीतली हाय."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी गल्लीतल्या सगळ्या जणींना वाण म्हणून तिचा एकेक ठोंब दिला. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "लय पाणी घालू नका. अन् कुणी विचारलं, तर कुणाची हाय ते सांगा बरं का."

स्वतःचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही.

आता माझ्या दारातल्या जांभळाच्या झाडाखाली ती इतकी पसरली आहे, की माती दिसत नाही. येणारं-जाणारं विचारतं, आणि मी ताठ मानेनं सांगते, "कडुलिंबाखालच्या बाईंची आहे." गल्लीत कुणालाच पुढं काही विचारावं लागत नाही.